बिल कधी निघणार?

महाराष्ट्रात आता जवळपास प्रत्येक समाजाच्या नावानं एक आर्थिक विकास महामंडळ आहे. चर्मकार समाजासाठी आणि अनुसूचित जातींसाठी ती सत्तरच्या दशकापासून होतीच. पुढे मातंग, भटके-विमुक्त, ओबीसी, अल्पसंख्याक, मराठा अशी यादी वाढत गेली. २०२३ च्या अर्थसंकल्पात लिंगायत, गुरव, रामोशी आणि वडार समाजांसाठी घोषणा झाल्या, आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ब्राह्मण व राजपूत समाजांच्या महामंडळांना मंजुरी मिळाली. प्रत्येक घोषणेनंतर तोच वाद नव्यानं सुरू होतो. एक बाजू म्हणते, ही करदात्यांच्या पैशांची खिरापत आहे, कर्ज घेणारे ते फेडणार नाहीत. दुसरी बाजू विचारते, त्यांना इतके कोटी आणि आम्हाला इतकेच का? इतकं भांडण होऊनही दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर न बोलता एकमत आहे: मदत म्हणजे कर्ज. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. ज्याच्या घरात आधी कुणी दुकान टाकलं नाही, ज्याच्या बापजाद्यांनी कारागिरी केली पण तिचा भाव स्वतः कधी ठरवला नाही, अशा माणसाला धंद्यात उभं करायचं असेल तर कर्जाआधी त्याला काम मिळालं पाहिजे आणि त्या कामाचे पैसे मुदतीत मिळाले पाहिजेत. या दोन गोष्टी नसताना दिलेलं कर्ज त्याला उभं करत नाही, उलट होतं तेही घालवतं.

हे मी टेबलाच्या अलीकडून पाहत आलो आहे. तालुक्याच्या गावी मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहितो, जीएसटीचे रिटर्न भरतो आणि कर्जाच्या प्रकरणांसाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, यंत्राचं कोटेशन, दोन जामीनदार; त्यातला एक सरकारी नोकर असला तर बरं. बीज भांडवल योजनेत बँकेचा वाटा साधारण ७५ टक्के, महामंडळाचा २० आणि अर्जदाराचा ५. एवढ्या कागदांत एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: हा माल घेणार कोण? रिपोर्टात ‘अपेक्षित विक्री’ अशी एक ओळ असते. तिथला आकडा कर्जाच्या हप्त्यावरून उलटा मोजून काढलेला असतो, हे मला माहीत आहे आणि तो वाचणाऱ्या बँक अधिकाऱ्यालाही माहीत आहे. मी तो कित्येकदा तसा लिहिला आहे, आणि त्याबद्दल मला खेद आहे.

माझ्याकडे येणारे एक घिसाडी समाजातले गृहस्थ आहेत. आजोबा गाढवावर भाता लादून गावोगाव फिरायचे, वडिलांनी स्टँडच्या मागं पाल टाकून विळे-कोयते केले, आणि यांनी पत्र्याची शेड घालून गेट-ग्रिलचं काम सुरू केलं. हात असा, की नळी वाकवताना माप डोळ्यानं धरतात. त्यांचं ४ लाखांचं प्रकरण मंजूर झालं, वेल्डिंग सेट आला, नळी वाकवायचं यंत्र आलं. पहिलं वर्ष घरगुती कामांवर बरं गेलं. मग एका कंत्राटदारानं शाळांच्या १२० बाकांचं काम दिलं, तोंडी. स्टीलच्या दुकानातून उधारीवर माल उचलला, दोन पोरं मजुरीवर ठेवली, बाक वेळेत पोचवले. पैसे ११ महिने आले नाहीत. कंत्राटदाराचं म्हणणं एकच, वरून बिल निघालं की देतो. शेडमध्ये भिंतीवर कॅलेंडर आहे. पैशांच्या चौकशीसाठी ज्या दिवशी काम बंद ठेवून तालुक्याला हेलपाटा घातला त्या तारखेभोवती त्यांनी निळ्या पेननं गोल केला आहे आणि खाली दोन शब्द: ‘साहेब मीटिंगला’, ‘सही राहिली’, ‘ग्रँट नाही’. असे १९ गोल मी मोजले. मधल्या काळात कर्जाचे पाच हप्ते थकले. बँकेच्या यादीत ते आता थकबाकीदार आहेत आणि सिबिल घसरल्यामुळे दुसरं कुणी त्यांना उभं करत नाही. ‘हे लोक कर्ज फेडत नाहीत’ असं जे म्हणतात, त्यांच्या आकडेवारीत या माणसाची नोंद कशी झाली असेल?

भांडवलाची अडचण खोटी आहे, असं मी म्हणत नाही. ती खरी आहे आणि जीवघेणी आहे. तारण ठेवायला सातबारा नाही, शेड गावठाणातल्या दुसऱ्याच्या जागेत, सोनं असलं तर बायकोच्या गळ्यातलं. मग शेकडा पाच ते दहा रुपये महिना व्याजाचा सावकार, नाहीतर रोज संध्याकाळी दारात उभा राहणारा कलेक्शनवाला. माणदेशातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा संस्थापक सभासदांत निरक्षर बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. त्याच बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला तोंडी व्याज विचारा, मग ठरवा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. योग्य माणसाला योग्य हप्त्यानं दिलेला पैसा आयुष्य बदलतो याचा यापेक्षा चांगला दाखला मला देता येणार नाही. पण त्या बायका काय करत होत्या तेही पाहायला हवं. भाजी, बांगड्या, शेळ्या, आठवडी बाजार. सकाळी माल, संध्याकाळी रोकड. हप्ता फिटतो तो या रोकडीतून. जिथं विक्रीची रोकड रोज हातात पडते तिथं कर्ज काम करतं. जिथं माल जातो आणि पैसा वर्षभर अडकतो, तिथं तेच कर्ज गळ्याला फास होतं.

आपल्याच इतिहासात याचा मोठा धडा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, जमिनीचा सारा वाढलेलाच होता, कर्जखतं मात्र जिथल्या तिथं राहिली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि सगळ्यात आधी त्यांनी जाळले ते कर्जरोखे. त्या शेतकऱ्यांना कर्ज मिळत नव्हतं का? भरपूर मिळालं होतं. मिळेना झाला तो भाव. १८७९ मध्ये सरकारनं कायदा करून सावकारांना काही वेसण घातली, पण भावाचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. आज आपण कर्जाची मर्यादा ५ लाखांवरून १०, १० वरून १५ करायची का यावर भांडतो, तेव्हा मला सुप्याचा तो बाजार आठवतो.

यावर एक दमदार आक्षेप येतो, तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, बाजाराला जात नसते. माल स्वस्त आणि चांगला असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतं. गिऱ्हाईक मिळवून देणं सरकारचं काम नाही. वरवर पाहता हे खरं वाटतं. दहा रुपयांचा वडापाव घेताना कोण कुणाची जात विचारतो? पण बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातला एक प्रसंग पाहा. १९१७ मध्ये ते परदेशातून शिकून आले, बडोद्याची नोकरी अपमानानं सोडावी लागली, आणि मुंबईत त्यांनी शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, लंडनमध्ये पुढचा अभ्यास सुरू केलेला हा माणूस. या विषयात त्यांच्या तोडीचा सल्लागार त्या शहरात किती जणांना मिळाला असता? पण जात कळल्यावर अशिलांनी पाठ फिरवली आणि तो व्यवसाय बंद पडला. तिथं गुणवत्ता कमी पडली नव्हती, भांडवलाचाही प्रश्न नव्हता.

त्याच सुमारास कोल्हापुरात दुसरी गोष्ट घडली. संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल निघालं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक नाही, कारण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कुणी? मग महाराज स्वतः गाडी थांबवून भर रस्त्यात तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. या गोष्टीचं आपण फक्त कौतुक करतो. ती आर्थिक धोरण म्हणून वाचायला हवी. धंदा काढून देऊन महाराज थांबले असते तर हॉटेल महिन्याभरात बंद पडलं असतं आणि ‘यांना धंदा जमत नाही’ असं म्हणायला कोल्हापूर मोकळं झालं असतं. राज्याचा प्रमुख पहिला गिऱ्हाईक झाला, म्हणून बाकीच्यांना यावं लागलं.

आज चहाला कुणी नाही म्हणत नाही, निदान शहरात नाही. पण चहाच्या पलीकडे जाऊन पाहा. सिमेंटच्या दुकानात ९० दिवसांची उधारी कुणाला मिळते? ज्याचा चुलता त्या दुकानदाराबरोबर बाजार समितीत बसतो त्याला. नव्या प्लॉटिंगच्या कंपाउंडचं काम निघणार ही बातमी आधी कुणाला लागते? जो लग्नाच्या पंगतीत त्या बिल्डरशेजारी बसतो त्याला. यात कुणी कुणाचा द्वेष करतो असं नाही. धंदा ओळखीवर चालतो, आणि ओळखी पिढ्यांच्या असतात. घिसाड्याच्या, वडाराच्या, मातंगाच्या मुलाला कर्ज देता येतं, चुलता देता येत नाही. ही उणीव भरून काढू शकेल असं एकच मोठं गिऱ्हाईक आहे, आणि ते म्हणजे सरकार. शाळेचे बाक, दवाखान्यातल्या चादरी, पोलिसांचे बूट, अंगणवाडीचा खाऊ, कार्यालयांची झाडलोट, गावातली गटारं: हे सगळं कुणाकडून तरी विकत घेतलंच जातं.

कागदावर याची सोय आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा घ्यायचा असतो. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ झाला. एकूण खरेदीच्या ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून घ्यावा असंही त्यात आहे. लघुउद्योगांचा एकूण हिस्सा गाठला जातो, पण अनुसूचित जाती-जमातींचं ४ टक्क्यांचं लक्ष्य वर्षानुवर्षं अपुरंच राहतं. सांगितलं जातं की पुरवठादारच सापडत नाहीत. निविदेच्या अटी वाचल्या की ते का सापडत नाहीत हे कळतं. तीन वर्षांची उलाढाल इतके कोटी, अशाच कामाचा अनुभव इतका, दहा तालुक्यांचं काम एकत्र. अंगणवाड्यांच्या पोषण आहाराचं उदाहरण घ्या. काम महिला बचत गटांना मिळावं असा नियम, पण राज्यानं २०१६ मध्ये काढलेल्या निविदेत कामाचे गठ्ठे इतके मोठे आणि अटी इतक्या जड केल्या, की गावातल्या गटाला दाराशीसुद्धा उभं राहता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये ती निविदा रद्द झाली. बायकांना मसाल्याच्या चक्कीसाठी कर्ज मिळतं, वर्षातून काही दिवस बचत गटांच्या मालाच्या ‘सरस’ प्रदर्शनात स्टॉल मिळतो, आणि रोज शिजणाऱ्या अन्नाचं कंत्राट मात्र दुसऱ्याच कुणाला जातं.

मला ज्याचं उत्तर देताना खरोखर विचार करावा लागतो तो आक्षेप असा: कामात वाटा राखून ठेवला की बेनामी लोक शिरतात. हा अनुभव महाराष्ट्राला चांगलाच आहे. सार्वजनिक बांधकामाच्या छोट्या कामांचं वाटप आपल्याकडे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यात ठरावीक प्रमाणात होतं. कल्पना चांगली होती. पण कित्येक मजूर संस्थांत मजूर फक्त यादीत राहिले, अध्यक्षाच्या दारात जेसीबी उभे राहिले, आणि संस्थेचं नाव टक्केवारीवर भाड्यानं जाऊ लागलं. दलित उद्योजकाच्या नावावर दुसऱ्यानं काम करायचे प्रकारही मी पाहिले आहेत; कागदावरचा मालक त्याच साइटवर मुकादम असतो. मग राखीव वाटा सोडूनच द्यायचा का? तोच न्याय लावला तर कर्ज योजनाही बंद करायला हव्यात, कारण खोटी कोटेशनं आणि कागदावरच्या म्हशी तिथंही आहेत. एका महामंडळातला काही शे कोटींचा अपहार २०१५ मध्ये उघडकीस येऊन राज्यभर गाजलाच. दोन्हींत एक फरक मात्र आहे. कर्ज कुठं गेलं हे शोधणं अवघड असतं. बाक कुणाच्या शेडमध्ये तयार झाले हे एका फेरीत कळतं. यंत्र कुठं आहे, मजुरी कुणाच्या खात्यातून गेली, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, एवढं पाहिलं तरी भाड्याचं नाव उघडं पडतं. शिवाय कामाचा आकार लहान ठेवला तर बड्याला त्यात बेनामी घुसण्याचा मोह कमी होतो. कर्नाटकनं अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव कामांची मर्यादा आधी ५० लाखांची ठेवली आणि पुढे १ कोटीपर्यंत नेली. तिथंही तक्रारी आहेत, पण वाद निदान कामाचा आहे.

दर्जा घसरेल आणि खर्च वाढेल, असंही म्हटलं जातं. खर्च कशामुळे वाढतो ते कंत्राटदाराला विचारा. बिल वर्षभर थांबणार हे गृहीत धरून तो दर भरतो, त्या वर्षाचं व्याज तुम्ही-आम्हीच भरतो. ज्याच्याकडे वर्षभर थांबायची ताकद आहे तोच या शर्यतीत टिकतो. २०२५ मध्ये राज्यातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले. त्यांत कोटींची कामं करणारेही होते. त्यांची ही गत, तर त्यांच्या हाताखालच्या फॅब्रिकेटरचं काय झालं असेल? कायदा तर आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू, असं २००६ चा कायदा सांगतो. २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही. पण आयकर न भरणाऱ्या सरकारी खात्याला या तरतुदीची झळ काय लागणार? बांधकामाच्या कंत्राटांना २००६ चा कायदा लागू होतो की नाही यावर न्यायालयांत वाद आहेत. आणि सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. तक्रार करायची ती आपल्या एकुलत्या एका गिऱ्हाईकाविरुद्ध. मी त्या घिसाडी गृहस्थांना, थकीत पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करू म्हणालो, तेव्हा ते घाबरून म्हणाले, ‘नको साहेब, पुढचं काम पण जाईल.’

हे वाक्य मला फार जुनं वाटलं. बलुतेदारीत हेच होतं. वर्षभर कुणब्याची औतं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. किती मिळेल, कधी मिळेल, हे देणारा ठरवणार. बलुत्याबद्दल आपण लिहितो तेव्हा जातीच्या उतरंडीबद्दल लिहितो, ते योग्यच आहे. पण त्या उतरंडीचं रोजचं हत्यार हेच होतं: काम आधी, मोल मागून, आणि मोलाची तारीख दुसऱ्याच्या हातात. खळ्याच्या जागी लेखाशाखेची खिडकी आली म्हणून ते नातं बदललं का?

म्हणून माझी मागणी साधी आहे. महामंडळांनी बिलं विकत घ्यावीत. छोट्या उद्योजकानं काम केलं, माल पोचल्याची सही झाली, की १५ दिवसांत महामंडळानं त्याला बिलाचे ९० टक्के द्यावेत आणि ते पैसे संबंधित खात्याकडून स्वतः वसूल करावेत. एका सरकारी कार्यालयानं दुसऱ्याच्या मागं लागावं. १९ हेलपाटे घालायची ताकद त्यांच्यात आहे. मोठ्या कंपन्यांना आणि सरकारी उपक्रमांना माल देणाऱ्या लघुउद्योगांची बिलं अशा रीतीनं वटवणारी व्यवस्था देशात आहेच, ती शेडपर्यंत आणायची आहे. पोटकंत्राटदाराचं नाव मूळ कार्यादेशात, म्हणजे वर्क ऑर्डरमध्ये, लिहिलं जावं, म्हणजे तोंडी कामाची सोय राहणार नाही. आणि महामंडळाच्या वार्षिक अहवालात किती कोटी वाटले याच्या आधी, किती जणांना किती रुपयांचं काम मिळालं आणि पैसे किती दिवसांत मिळाले, हे छापलं जावं. कर्ज द्यावंच, पण हातात कार्यादेश असलेल्या माणसाला आधी. त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टात विक्रीचा आकडा मला रचावा लागणार नाही.

हे होऊ शकतं याची चुणूक अलीकडेच दिसली. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे अस्मितेचं वादळ उठलं. चर्चा सगळी श्रेय कुणाचं, यावर. ती चप्पल शिवणाऱ्या चर्मकाराला जोडामागं काय सुटतं, हे फार थोड्यांनी विचारलं. पण त्यातून एक चांगलं निघालं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे धारक असलेल्या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी डिसेंबरमध्ये प्राडाचा करार झाला आणि इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचं ठरलं. आकडा लहान आहे आणि कारागिराच्या हाती किती पडेल यावर नजर ठेवावी लागेल. पण कर्ज वाटण्यासाठी ओळखलं जाणारं महामंडळ इथं ऑर्डर घेऊन आलं. मिलानहून ऑर्डर आणता येत असेल, तर जिल्हा परिषदेतून का आणता येऊ नये?

गेल्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा आले होते. बाकांचे निम्मे पैसे आले, ते स्टीलवाल्याला गेले. नव्या योजनेचा फॉर्म कुणीतरी त्यांच्या हातात दिला होता. मर्यादा वाढली आहे, जुनं कर्ज त्यातच भागवता येईल, असं सांगून. मी त्यांना विचारलं, नवं काम कोणतं हातात आहे? ते म्हणाले, दोन गेटं आहेत, एक देवळाचं आणि एक भावकीतल्याचं. फॉर्म माझ्या टेबलावर आहे, ‘अपेक्षित विक्री’ची ओळ कोरी ठेवून.